आंबट द्राक्षे

वाशीच्या फळबाजारात द्राक्षे येतात, तेव्हा बायबलमधील एक जुनी म्हण आठवावी : आंबट द्राक्षे वडिलांनी खाल्ली आणि दात मुलांचे आंबले. निर्गम ग्रंथाच्या २०व्या अध्यायातील ईश्वर पित्याच्या अपराधाचे शासन तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत करतो. हा न्याय कसा? यहेज्केल ग्रंथाचा १८वा अध्याय ती म्हणच नाकारतो : ज्याचे पाप, त्यालाच दंड, आणि पापापासून परतणाऱ्याला जीवदान. जैन दर्शनात दंड देणारा ईश्वर नाही. कर्म स्वतःच फळ देते आणि तपाने निर्जरा होते. तरीही एका सत्यावर दोन्ही विचार भेटतात. पेढीचे ऋण मिळालेल्या वारशापुरते वारसाच्या खाती चढते. पाप ज्याचे त्याच्याच खाती राहते, आणि ते फेडण्याची वाटही त्याच्यासाठी खुली असते.