किल्ली कोणाच्या नावावर?

सरकारी कोषागारातील तिजोरीला दोन कुलुपे असतात आणि त्यांच्या किल्ल्या दोन वेगळ्या व्यक्तींकडे. बदली झाली की किल्लीचा कार्यभार सहीनिशी दुसऱ्याकडे जातो. या पद्धतीला लालफीत म्हणून हसणाऱ्यांना मी विचारतो: तुमच्या संगणकांच्या किल्ल्या आज कोणाच्या नावावर आहेत?

हा प्रश्न काल्पनिक नाही. बंगळुरूच्या कोरमंगला भागातील जसपे या पेमेंट कंपनीच्या यंत्रणेत ऑगस्ट २०२० मध्ये शिरकाव झाला आणि जानेवारी २०२१ मध्ये तो चव्हाट्यावर आला. अंशतः झाकलेल्या कार्ड-माहितीच्या सुमारे साडेतीन कोटी नोंदी बाहेर गेल्या होत्या. कारण काय, तर वेळेवर न बदललेली एक जुनी अ‍ॅक्सेस की!

अशा किल्ल्या विसरल्या जातात त्या बहुधा रात्रीच्या कामांत. युनिक्समध्ये ठरल्या वेळी कामे चालवणारा क्रॉन आपल्या लॉगिनची एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स वाचत नाही. तो मोजकी चार-दोनच पुरवतो. दिवसा हाताने चालवलेली स्क्रिप्ट त्यामुळे रात्री अडते. मग घाईत पासवर्ड स्क्रिप्टमध्येच लिहिला जातो. स्क्रिप्टच्या प्रती निघतात, त्या बॅकअपमध्ये जातात, लिहिणारा नोकरी सोडतो आणि किल्ली मात्र चालूच राहते.

तोच पासवर्ड कमांडच्या ओळीत दिला, तर सर्वसाधारण मांडणीत त्या यंत्रावरील कोणालाही तो ‘पीएस’ या आज्ञेने दिसू शकतो. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवला, तर तो त्या प्रक्रियेतून निघणाऱ्या प्रत्येक उपप्रक्रियेच्या हाती पडतो. म्हणून किमान शिस्त अशी: कामासाठी स्वतंत्र खाते, त्याला लागेल तेवढाच अधिकार, आणि किल्ली फक्त त्या खात्यालाच वाचता येईल अशा, ६०० परवानगीच्या, वेगळ्या फाइलीत.

‘एवढा वेळ कोणाकडे आहे?’ असे उत्तर मिळते. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला त्यातील हिशेब स्पष्ट दिसतो. वाचलेला तास कंपनीचा, जोखीम मात्र ग्राहकाची. कारखान्याने सांडपाणी नदीत सोडावे, तसाच हा व्यवहार. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, ती हा हिशेब उलटवण्यासाठीच. पण दंड चोरीनंतर होतो. नोंदवही चोरीपूर्वी लागते.

आमची सरकारी खातीही धुतल्या तांदळासारखी नाहीत. तिजोरीच्या किल्लीला दोन सह्या मागणारे कार्यालय सर्व्हरचा पासवर्ड कंत्राटदाराच्या वहीत ठेवते, याला काय म्हणावे?

घर सोडून बंगळुरूत किंवा परदेशात या स्क्रिप्ट लिहिणारे अनेक मराठी वाचक आहेत. त्यांनी आपल्या वरिष्ठांकडे एकच मागणी करावी: प्रत्येक किल्लीचा मालक, उद्देश आणि बदलण्याची तारीख यांची नोंद ठेवा, माणूस गेला की त्याच दिवशी किल्ली बदला. जिचा मालक सांगता येत नाही, ती किल्ली आजच रद्द करा. काम अडलेच, तर निदान मालक कोण ते तरी कळेल.