चाकांवरचें घर

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक वाद उपस्थित झाला. कांहीं वर्षांपूर्वीं पुतण्यानें मित्राबरोबर एक जुनी कॅरव्हॅन, म्हणजे निजण्याची, स्वयंपाकाची व शौचाची सोय असलेली मोटार, घेतली होती. दिव्याच्या गल्लींत असें वाहन वळावयाचें नाहीं, म्हणून ती दिवा-शीळ रस्त्यावर मित्राच्या आवारांत उभी असते. माझे ज्येष्ठ बंधु अंथरुणास खिळले तेव्हां त्यांना गुहागरास व्याडेश्वराच्या दर्शनाची ओढ लागली. दिव्याहून सावंतवाडीची आगगाडी सुटते खरी, पण त्या गर्दींत आजाऱ्यास न्यावें कसें? याच मोटारीनें नेलें. तें त्यांचें शेवटचें दर्शन ठरलें.

आतां ती गाडी देऊन नवी घ्यावी असा पुतण्याचा मनसुबा. आणि वरची रक्कम वहिनींच्या ठेवींतून काढावयाची! ऐंशीच्या घरांतील वहिनींनीं आनंदानें होकारहि दिला.

"काका, एकदां पाहून तर घ्या," पुतण्या म्हणाला. गेलों.

नव्या गाडीचें रूप डोळे दिपविणारें होतें. ओट्यावर दगडी लादी, भिंतीवर भला मोठा दूरदर्शन संच, छताला रंगीत दिवे. मलाहि क्षणभर मोह पडला. पण तोंच शूद्रकाच्या 'मृच्छकटिकां'तील रोहसेन आठवला. शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहिल्यावर त्याला आपली मातीची गाडी नकोशी झाली. वसंतसेनेनें आपले दागिने त्या मातीच्या गाडींत भरून दिले. आणि पुढें न्यायसभेंत तेच दागिने बिचाऱ्या चारुदत्ताच्या गळ्याशीं आले. सोन्याच्या गाडीची खरी किंमत त्या घरीं कोणी मोजलीच नव्हती.

ती आम्हीं मोजावयाचें ठरविलें. कागदोपत्रीं भारासकट कमाल वजन ४५०० किलो. वजनकाट्यावर रिकामी गाडी भरली ४०२० किलो. उरले ४८०. घरचीं सहा माणसें सरासरी साठ किलोंचीं धरलीं तर ३६० गेले. लिटरभर पाण्याचें वजन एक किलो, म्हणून ८० लिटरांच्या टाकीचे ८०. राहिले अवघे ४०! त्यांत गॅसची टाकी, भांडीं, अंथरुणें आणि सहा जणांचे कपडे बसवावयाचे. भार मर्यादेबाहेर गेला कीं टायर तापतात, ब्रेक दाबल्यावर गाडी लांबवर जाऊन थांबते; आणि कोकणच्या वाटेला चढउतार चुकत नाहींत.

विजेचाहि तोच प्रकार. १२ व्होल्टची, १०० ॲम्पिअर-तासांची बॅटरी म्हणजे १२०० वॅट-तासांची शिदोरी. ३० वॅटांचा पंखा तीवर रात्रभर चालेल. पण हजार वॅट ओढणारें वातानुकूलन यंत्र ती फार तर सव्वा तासांत संपवील. विक्रेता म्हणाला, "रात्रभर थंडावा राहील." "कोणत्या विजेवर?" मीं विचारलें. तो पुन्हां रंगीत दिवे दाखवूं लागला.

जुनें तें सारें सोनें नव्हे, हें कालिदासानेंहि बजावलें आहे; तेव्हां आमची जुनी गाडीहि त्याच काट्यावर चढविली. तिला ८५० किलोंची मोकळीक निघाली. परंतु छताचे सांधे दाबून पाहतां एके ठिकाणीं लाकूड मऊ लागलें, कुबट वासहि आला. पावसाचें पाणी मुरलें होतें. टायरांची नक्षी शाबूत होती, पण बाजूवरचे चार आंकडे '२३१७' असे होते, म्हणजे २०१७ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत तयार झालेले. नक्षी टिकली तरी रबर म्हातारें होतेंच.

कागदांविषयींहि दोन शब्द. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं कॅरव्हॅन पर्यटनाचें धोरण आणल्यापासून अशा गाड्यांचें आकर्षण वाढलें आहे. परंतु १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या ५२ व्या कलमान्वयें वाहनांत मनमानी फेरबदल करतां येत नाहींत, आणि कॅरव्हॅनसाठीं 'एआयएस-१२४' हें स्वतंत्र मानक आहे. त्याचा दाखला व नोंदणीपुस्तकांतील नोंद पाहिल्यावांचून विसार देऊं नये.

शेवटीं वहिनींना नवी गाडी दाखविण्यास नेलें. पहिलीच पायरी गुडघ्याएवढी उंच. दोघांनीं हात देऊनहि त्यांना चढवेना. चिंचोळ्या दाराकडे पाहत त्या हळूच म्हणाल्या, "भावजी, ह्यांना या दारांतून आंत कसें हो नेलें असतें?"

पुतण्या कांहीं बोलला नाहीं. घरीं येतांच त्यानें ठेवीची पावती वहिनींच्या पेटींत परत ठेवली. आतां छत उकलून नवें लाकूड घातलें आहे, टायर बदलले आहेत आणि दाराशीं एक बुटकी, रुंद पायरी बसविली आहे. खर्च मित्रानें व त्यानें अर्धा-अर्धा वांटून घेतला. येत्या महाशिवरात्रीस वहिनी गुहागरास निघावयाच्या आहेत.