चाक रुंद की पाया रुंद?

आमच्या हॉबी क्लबमध्ये सध्या रुंद चाकांची साथ आली आहे. आंतर-हाउस रिमोट कार शर्यत जवळ आली आहे आणि ज्याला त्याला आपल्या गाडीला रुंद, मोठी चाकं हवी आहेत. "रुंद चाक, पक्की गाडी" हे वाक्य डॉर्मिटरीत इतक्या वेळा ऐकू येतं की आता कोणी त्यावर प्रश्नच विचारत नाही. माझ्या मते हे वाक्य अर्धवट आहे आणि अर्धवट वाक्यापायी घरच्यांचे पैसे खर्च होऊ नयेत. मला हे सांगणं भाग आहे, कारण ते वाक्य पसरवणाऱ्यांत मी पहिला होतो.

मागच्या टर्ममध्ये मी माझ्या १/१० आकाराच्या ट्रकला नवी चाकं बसवली. प्रत्येक चाक जुन्यापेक्षा १२ मिमी रुंद आणि व्यासाने २४ मिमी मोठं होतं. गाडी रुबाबदार दिसत होती. पण बास्केटबॉल कोर्टवर वेगाने वळताना बाहेरचं चाक काँक्रीटच्या फटीला अडलं आणि गाडी उलटली. एकदा नाही, तीनदा. मी दोष कोर्टाला दिला.

त्याच आठवड्यात सातवीतल्या एका ज्युनिअरने विचारलं, "सर, माझी गाडी वळणावर उलटते. रुंद चाकं घेऊ का?" माझ्याकडे तसाच ट्रक आहे म्हणून त्याने मला विचारलं होतं. मी विचार न करता "घे" म्हणालो. रविवारच्या फोनवर त्याने वडिलांकडे पैसे मागितले. त्याचे वडील फौजेत नाईक आहेत. चाकं आली आणि त्याची गाडी आधीपेक्षा जास्त उलटू लागली. तो मला एका शब्दानेही बोलला नाही. तेच मला जास्त लागलं.

चूक कुठे झाली हे मला ड्रिलच्या मैदानावर कळलं. सावधानमध्ये उभ्या असलेल्या कॅडेटला बाजूने धक्का द्या, तो डगमगतो. विश्राममध्ये दोन पायांत १२ इंच अंतर असतं, तिथे तो टिकतो. म्हणजे पाय फाकवल्याने तोल सांभाळला जातो, बूट दोन नंबर मोठे घातल्याने नाही. आणि पाठीवरचा पिट्ठू उंच बांधला, तर विश्राममधला कॅडेटही लवकर कलंडतो. गाडीचंही असंच आहे. ती किती टिकेल हे डाव्या-उजव्या चाकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर आणि गुरुत्वमध्याची उंची या दोन गोष्टी ठरवतात. माझ्या नव्या चाकांनी रुंदी प्रत्येक बाजूला फक्त ६ मिमी वाढवली, पण व्यास वाढल्यामुळे अख्खी गाडी १२ मिमी वर उचलली गेली.

हे नुसतं सांगून पटणार नाही म्हणून आम्ही मोजलं. हॉबी रूममधली एक फळी घेतली, गाडी घसरू नये म्हणून तिच्यावर एक बारीक पट्टी ठोकली, गाडी आडवी ठेवली आणि फळी एका बाजूने हळूहळू उचलली. गाडी कलंडू लागताच कोनमापकाने कोन मोजला. दर वेळी पाच मापं घेऊन सरासरी काढली. जुन्या चाकांवर कोन आला ५४ अंश. नव्या चाकांवर ५२. मग जुनीच चाकं ठेवून जाड हेक्स अडॅप्टर बसवले, त्यामुळे प्रत्येक चाक ६ मिमी बाहेर आलं. कोन ५५ झाला. शेवटी अडॅप्टर काढले आणि शॉकच्या स्प्रिंगवरचे स्पेसर कमी करून चॅसी खाली आणली. कोन ५६. या शेवटच्या बदलाला एक रुपयाही लागला नाही. दहावीच्या त्रिकोणमितीतला टॅन इथे उपयोगी पडतो: अर्धी रुंदी भागिले गुरुत्वमध्याची उंची म्हणजे त्या कोनाचा टॅन.

फळीवरची गाडी उभी असते, हे मला मान्य आहे. धावताना स्प्रिंग दबतात, गाडी बाहेरच्या बाजूला झुकते आणि त्याहून आधीच उलटू शकते. पण कोणता बदल बरोबर दिशेला नेतो आणि कोणता उलट, एवढं फळी नक्की सांगते.

रुंद चाकांच्या बाजूनेही बोललं पाहिजे. भुसभुशीत मातीत किंवा वाळूत रुंद टायर कमी रुततो, कारण वजन जास्त जागेवर पसरतं. काँक्रीटवरही रबराची पकड थोडी वाढू शकते. पण पकड वाढली की जी गाडी आधी घसरून सुटत होती, ती आता घसरत नाही, उलटते. शिवाय जड चाकाला वेग द्यायला मोटरला आणि वळवायला सर्वोला जास्त जोर लावावा लागतो. चाक बाहेर गेलं की बेअरिंगवरही ताण येतो, आणि हे अडॅप्टरलाही लागू आहे. म्हणून प्रश्न "रुंद की अरुंद" एवढाच नाही. कोणत्या जमिनीवर, किती उंचीच्या गाडीला, हे आधी विचारलं पाहिजे.

माझ्या तीन सूचना आहेत. क्लबमध्ये ती फळी कायमची ठेवावी आणि प्रत्येक गाडीचा कोन रजिस्टरमध्ये लिहावा. एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळत नाही. आणि शर्यतीत सर्वांना एकाच मापाची चाकं असावीत. बाहेरच्या अनेक आर.सी. शर्यतींत सगळ्यांना एकच टायर वापरावा लागतो. तसं झालं तर कोणाच्या घरून किती पैसे आले यापेक्षा कोणी गाडी कशी लावली याला महत्त्व येईल.

पालकांनाही एक विनंती. मुलाने फोनवर चाकांसाठी पैसे मागितले, तर आधी विचारा, "कोन किती आला?" उत्तर नसेल, तर पुढच्या रविवारपर्यंत थांबा.

त्या ज्युनिअरच्या गाडीवर मी आणि त्याने मिळून जुनी चाकं परत बसवली आणि स्प्रिंग खाली केल्या. गाडी आता कोर्टवर वळते. त्याच्या वडिलांचे पैसे मात्र परत आलेले नाहीत. सीनियरने "घे" म्हणण्याआधी मोजून पाहावं, एवढं मी त्यातून शिकलो.