मजुरीचा रकाना

अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजतात आणि पाणी रोज बदलावं लागतं. मग ते उपसून पंच्यावर सावलीत पसरायचे, पुरते वाळू द्यायचे नाहीत, ओलसर असतानाच कुटायचे आणि बारीक चाळणीने चाळायचे. पिठात किसलेला गूळ मिसळून, तुपाचा हात लावून गोळे डब्यात भरून ठेवायचे. पाच-सहा दिवसांनी त्यातला एक गोळा खसखशीवर थापून मंद आचेवरच्या तुपात सोडायचा. खसखशीची बाजू वर ठेवायची, उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं. इतकं करूनही गूळ जरा जास्त पडला असला, तर अनारसा कढईत हसतो, म्हणजे फुटून पसरतो, आणि त्या घाण्याबरोबर तूपही जातं.

माझी आत्या बरीच वर्षं दिवाळीत अनारसे करून विकायची. ती गेल्यावर तिच्या कपाटात शंभर पानी वही सापडली. तांदूळ, गूळ, साजूक तूप, खसखस, गॅस, प्लास्टिकच्या पिशव्या, सगळं तारीखवार लिहिलेलं होतं. खाली बेरीज, त्यावर थोडे पैसे चढवून डझनाचा भाव. त्या दहा-बारा दिवसांच्या राबण्याचा रकाना मात्र एकाही पानावर नव्हता. हसलेल्या अनारशांचाही नव्हता. ते आम्ही मुलांनी खाल्ले होते.

यंदाच्या दिवाळी अंकाची जुळवाजुळव करताना ती वही माझ्या टेबलावर होती. घरगुती उद्योगांवरचे लेख मागवले तेव्हा मनात कौतुकाचा सूर होता. लेख वाचत गेलो तसा प्रश्न बदलला. पिढ्यान् पिढ्या हातात मुरलेली कला घराबाहेर विकायला ठेवायची, तर त्या हाताचे पैसे कोण लावतं?

‘घरगुती’ या शब्दाचे आपल्या बाजारात तीन अर्थ झाले आहेत: चांगलं, चोख आणि स्वस्त. पहिले दोन करणारीने कष्टाने कमावले. तिसरा गिऱ्हाइकाने लावला आणि तिने तो मुकाट्याने मान्य केला. “घरीच तर करता, एवढे कसे?” हे वाक्य आत्याच्या दारात मी स्वतः ऐकलं आहे. त्यावर ती ओशाळून दोन अनारसे जास्त घालायची.

हे असंच असायला हवं असं नाही, याचा दाखला मुंबईतच आहे. 15 मार्च 1959 रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटं निघाली. तोच पुढे ‘लिज्जत’ झाला. लोक त्या ऐंशी रुपयांची गोष्ट सांगतात, मला मात्र महत्त्वाची वाटते ती ‘वणाई’. सभासद भगिनींनी मळलेलं पीठ घरी न्यायचं, लाटलेले पापड आणून द्यायचे आणि लाटण्याची मजुरी, म्हणजे वणाई, घ्यायची. नफा-तोटा सगळ्या भगिनींचा, पण तो नंतर. आधी हाताचा हिशेब. पापड लाटणं सासू-आईकडून आलेलं, घराच्या ओट्यावरचंच काम होतं. त्याला दर ठरला आणि ते उद्योगाच्या ओळीत येऊन बसलं.

गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांची कहाणी याहून खडतर. कोकणातून, घाटावरून आलेल्या गिरणी कामगारांना या बायका दोन वेळा जेवू घालत. किराणा उधारीवर, जेवणाऱ्यांचे पैसे पगार झाल्यावर. मधल्या दिवसांसाठी सावकार, त्याचं जबर व्याज आणि गहाण पडलेले दागिने. हाताला चव होती, गिऱ्हाईक दारात होतं, तरी सगळी कमाई व्याजात जायची. गोवा मुक्तीच्या लढ्यातून आलेल्या प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभारलं आणि या बायकांना एकमेकींच्या जामिनावर बँकेचं कर्ज मिळवून दिलं. त्यांना स्वयंपाक शिकवायची गरज नव्हती. आजही घरगुती उद्योगाची शिबिरं भरतात तेव्हा शिकवण्यावर दिवस खर्च होतो आणि भांडवलाबद्दलचं बोलणं शेवटच्या पंधरा मिनिटांत उरकतं. हे उलटं व्हायला हवं.

वारसा विकला जातो आणि हात रिकामाच राहतो, असंही होतं. वारली आदिवासींच्या लग्नात भिंतीवर ‘चौक’ हे लग्नचित्र लिहिण्याचा मान सुवासिनींचा. पुढे ही चित्रं कागदावर आली, जगभर गेली, वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना 2011 साली पद्मश्री मिळाली. आनंदाचीच गोष्ट. पण आज त्याच आकृत्या कपांवर, चादरींवर, सोसायट्यांच्या फाटकांवर छापलेल्या दिसतात, तेव्हा त्यातलं किती डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर पोचतं, हे विचारायला हवं.

आता एक गोष्ट करणारीलाही सांगायची आहे, आणि ती आपुलकीनेच. हाताचा अंदाज घरात पुरतो, विकताना पुरत नाही. कमलाबाई ओगले यांनी 1970 साली ‘रुचिरा’ या पाककृतींच्या पुस्तकात पदार्थ वाटी-चमच्याच्या प्रमाणात बसवले, म्हणून नवख्या मुलींनाही ते जमले. तसंच मोजमाप स्वतःच्या वेळेचं करा. भाजणी भाजायला किती तास, करंजीला मुरड घालायला किती, बिघडलेला घाणा कितीचा, सगळं लिहा. मग भाव सांगा, आणि सांगताना ओशाळू नका.

मुली आता अनारसे करत नाहीत, अशी तक्रार दर दिवाळीला कानावर येते. मला ती पटत नाही. आईला, आजीला फुकट राबताना पाहून त्यांनी साधा हिशेब केला आहे. जे काम घरानेच कामात धरलं नाही, ते त्यांनी का शिकावं? त्याच मुलींना त्यातून महिन्याचा खर्च निघताना दिसू दे, तीन दिवस तांदळाचं पाणी बदलायला त्या कंटाळणार नाहीत. काही घरांत हे घडतंय. अशा चार घरांची हकीकत या अंकात आहे, जरूर वाचा.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा फराळाच्या ऑर्डरी घराघरांत चालू असतील. शेजारच्या काकूंकडून, मावशींकडून डबा घ्याल तेव्हा त्यांनी सांगितलेला भाव घासाघीस न करता, तिथल्या तिथे द्या. आणि तुम्हीच करून विकत असाल, तर आजच वहीत मजुरीचा रकाना आखा.



— संपादक