रंगाच्या आधी गच्ची

दिवाळी जवळ आली की जळगाव-धुळ्याच्या रंगांच्या दुकानांत गर्दी होते. भिंती खरवडल्या जातात, पुट्टी भरली जाते, नवा रंग चढतो. जानेवारी येईपर्यंत त्याच भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात रंग फुगतो आणि पोपडे सुटू लागतात. पाणी वरून येत होते, खर्च मात्र खाली झाला. घराविषयीच्या या सदरात आज एकच सांगायचे आहे : यंदा रंगाचा डबा आणण्याआधी गच्चीवर चढा.

आपल्याकडे ही सवय होतीच. खानदेशातली जुनी घरे धाब्याची. तुळया, त्यांवर कडीपाट, त्यावर मातीचा जाड थर आणि सर्वांत वर खारी. मिरगाच्या आधी गाडीने खारी आणून धाब्यावर पसरायची, हे दरवर्षीचे काम. या खारट मातीतल्या सोडियममुळे तिचे कण पाणी लागताच सुटे होऊन फुगतात, बारीक छिद्रे बुजतात आणि पाणी खाली उतरत नाही. शेतात पिकाला मारणारी माती घराला तारते. जाणती माणसे आधी जुना थर खरवडून काढत. तसे न केल्यास वर्षानुवर्षांचे ओझे तुळयांवर साचते आणि संततधारेत धाबे खाली येते.

मग स्लॅब आला आणि आपण वर जाणे सोडले. फार तर बिबडे वाळवायला किंवा उन्हाळ्यात झोपायला जातो. पण आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि थंडीत धुळ्याला सात-आठ अंशांखाली उतरतो. एवढ्या फरकात स्लॅब प्रसरण पावतो, आकसतो, त्याला केसासारख्या भेगा पडतात. त्यांतून पाणी सळईपर्यंत पोचते. गंजलेली सळई फुगते आणि खालचे काँक्रीट सुटून पडते.

दुरुस्ती मे महिन्यासाठी राखून ठेवू नका. ऑक्टोबरात पाऊस माघारी जातो तेव्हा ओलीच्या खुणा ताज्या असतात. उन्हाळ्यात त्या पुसट होतात. शिवाय मेच्या उन्हात सिमेंटचे पाणी भराभर उडते आणि नवा कोबाही तडकतो. आणखी एक कारण खास आपले आहे. भाव वाढेल या आशेने आपला शेतकरी वेचलेला कापूस महिनोन्‌महिने राहत्या घरात भरून ठेवतो. २०२३ च्या नोव्हेंबरअखेरीस अवकाळी पाऊस आणि गारपिटीने उत्तर महाराष्ट्राला झोडपले होते. अशा एका रात्रीत गळके छप्पर वर्षाची कमाई भिजवते. वर ओल्या भिंतींची बुरशी थंडीत दम्याच्या माणसाला आणि लहान मुलांना छळते.

गच्चीवर गेलात की आधी कचरा काढा, पाण्याचे पाइप मोकळे करा. बहुतेक गळती तीन ठिकाणी सापडते : कठडा आणि स्लॅबचा सांधा, पाइपाभोवतीची जागा, टाकीखालचा भाग. घरात डाग जिथे दिसतो, त्याच्या बरोबर वर भेग असेलच असे नाही. पाणी आतून वाट काढत लांब जाते. भेग छिन्नीने थोडी रुंद करून साफ करा, मगच पॉलिमर मिसळलेला मसाला भरा. कठड्याच्या कोपऱ्यात गोलाई द्या. कोबा करायचाच असेल तर दहा फुटांना सव्वा इंच उतार ठेवा आणि निदान सात दिवस पाणी मारा. मात्र जुन्या कोब्यावर नवा चढवू नका. चार इंच कोब्याचे वजन चौरस फुटाला १७-१८ किलो भरते. धाब्यावरच्या मातीचीच ती चूक आहे. सळया उघड्या पडल्या असतील तर आधी अभियंत्याला दाखवा. पत्र्याचे घर असेल तर उन्हाने कडक झालेले बोल्टखालचे वायसर बदला. हा खर्च किरकोळ आहे.

भिंत पडली की तलाठी पंचनाम्याला येतो. गळतीचा पंचनामा कोणी करत नाही. तो घरमालकानेच करायचा असतो. या रविवारी एक तास काढा, घरातल्या मोठ्या माणसाला सोबत घ्या आणि वर जा. रंगारी पुढच्या आठवड्यात आला तरी चालेल, गवंड्याला आधी बोलवा.