'माइंड' आणि मन

इंग्रजी वाक्संप्रदाय वाक्यांत योजून दाखवा, हा प्रश्न परीक्षेंत आला म्हणजे आमचे विद्यार्थी निर्धास्त असतात. 'आय मेड अप माय माइंड', 'ही चेंज्ड हिज माइंड', 'बेअर धिस इन माइंड'; झालीं तीन वाक्यें, मिळाले तीन गुण! परंतु लिहिणाऱ्यास अर्थ कळला कीं नाहीं, हें त्यांवरून कोणास सांगतां येईल? दुसऱ्या वाक्यांत माइंडच्या जागीं हॅट घातली, तरी तें तितकेंच शुद्ध ठरेल.

आमच्या मतें ह्या दोषाचें मूळ असें कीं, माइंड म्हणजे मन हें समीकरण मुलें एकदां पाठ करतात आणि पुढें सर्वत्र तेंच लावतात. हे दोन शब्द एकाच प्राचीन कुळांतले भाऊबंद खरे. पण फार पूर्वीं विभक्त झालेले. जुन्या इंग्रजींत माइंड ह्या शब्दाचा एक मुख्य अर्थ स्मरण असा होता. म्हणूनच 'बेअर इन माइंड' म्हणजे ध्यानांत ठेवणें. उलट 'प्रेझेन्स ऑफ माइंड' ह्यास आपल्याकडे मन लागतच नाहीं. 'प्रसंगावधान' हा केवढा नेमका शब्द आपणांपाशीं आहे! आणि आपण जें मनाला लावून घेतों, तेथें इंग्रज हृदय पुढें करतो.

खरी फजिती होते ती 'वुड यू माइंड' येथें. येथें माइंड म्हणजे हरकत असणें. आगगाडींत शेजारच्या गृहस्थानें 'वुड यू माइंड ओपनिंग द विंडो?' असें विचारलें आणि आमच्या विद्यार्थ्यानें नम्रपणें 'येस, सर' म्हटलें, तर त्याचा शब्दशः अर्थ 'होय, माझी हरकत आहे' असा होतो! मुलगा खिडकी उघडण्यास उठलेला पाहून गृहस्थ समजून घेईल. पण उद्यां नोकरीच्या ठिकाणाहून 'आठ दिवस आधीं रुजू होण्यास माइंड कराल काय?' अशा अर्थाचें पत्र आलें आणि उत्तरीं 'येस, आय वुड' गेलें, तर तेथें उठून दाखवितां येत नाहीं.

'पीस ऑफ माइंड' ह्याचेंही तसेंच. एका स्पेलिंगानें मनःशांति, दुसऱ्यानें खरडपट्टी. उच्चार मात्र एकच. 'आय गेव्ह माय फादर पीस ऑफ माइंड' असें चिरंजिवांनीं लिहिलें असेल, तर स्पेलिंग पालकांनीं अवश्य पाहावें.

आमची सूचना एवढीच कीं, वाक्य एकटें मागूं नये, प्रसंगासह मागावें. वडील मुंबईस निघाले होते, परंतु आजीस ताप भरलेला पाहून त्यांनीं बेत रहित केला. असा प्रसंग आधीं सांगून मग 'ही चेंज्ड हिज माइंड' लिहिलें, तर तेथें हॅट बसणार नाहीं. वेळ अधिक लागतो म्हणून मुलें कुरकुर करतील, करूं द्यावी. रोज संध्याकाळीं असें एकच वाक्य मुलाकडून ऐकण्यास इंग्रजी न येणाऱ्या आईसही अडचण नाहीं. प्रसंग मराठींतच सांगावयाचा असल्यामुळें तो पटतो कीं नाहीं, हें तिला गुरुजींइतकेंच कळेल.