निळा चौकोन

ऑनसाइटला असताना एका शनिवारी लंडनच्या पोर्टोबेलो रोडवर भटकत होतो. तिथे पंधरा पौंडांना एक जुना दस्त मिळाला. चर्मपत्रावर लिहिलेला, चांगला चादरीएवढा, आणि डाव्या समासात निळ्या कागदावर उठावाचा शिक्का: एक पौंड पंधरा शिलिंग. मला फक्त शिक्का हवा होता. घरी येऊन तो निळा चौकोन सोलला. मध्ये धातूची बारकी पट्टी होती, ती उपटून फेकली. त्यात मागचं छोटं तिकीट फाटलं. म्हटलं, फाटू दे, आपल्याला काय करायचंय?

नंतर वाचत बसलो आणि लाज वाटली.

इंग्लंडमध्ये मुद्रांक शुल्क आलं १६९४ मध्ये, फ्रान्सशी चाललेल्या युद्धाचा खर्च भागवायला. कागदावर बिनशाईचा उठाव सरळ उमटवता यायचा. चामड्यावर तो टिकेना, म्हणून निळा कागद चिकटवून त्यावर शिक्का मारू लागले. एकदा वापरलेला शिक्का काढून कोणी दुसऱ्या दस्ताला लावू नये म्हणून कागद आणि चामडं मिळून धातूची पट्टी ठोकायची. पट्टीची टोकं मागे वळवायची आणि त्यावर राजाच्या आद्याक्षरांचं तिकीट डकवायचं. म्हणजे ज्या चोराला अडवायला सरकारने एवढा खटाटोप केला, नेमकं त्याचंच काम मी रविवारी सकाळी चहा पिता पिता उरकलं!

आणि ओळख पटवायच्या खुणा तरी कुठे असतात? शुल्काची रक्कम शिक्क्यावर अक्षरांत असते. पुढच्या काळातल्या साच्यांवर अक्षर आणि बारीक तारीखही सापडते. मागच्या तिकिटावरून राजवट कळते: जीआर म्हणजे कुठला तरी जॉर्ज, व्हीआर म्हणजे व्हिक्टोरिया. पण कुठला जॉर्ज, आणि शुल्क कशाबद्दल भरलं, हे सांगतो दस्ताचा मजकूर. सहसा आधी शिक्का मारून घेत आणि मग लिहीत. त्यामुळे दोन्ही तारखा जुळवून बघण्यातही मजा आहे. सोललेला शिक्का म्हणजे मेटाडेटा उडवलेली फाइल.

किमतीचंही तेच. व्हिक्टोरियाच्या काळातले साधे दस्त ढिगाने मिळतात. १९२५ च्या मालमत्ता कायद्यानंतर जुन्या दस्तांची गरज कमी झाली आणि वकिलांच्या कपाटांतून गठ्ठे बाहेर पडले. कित्येकांचे तर दिव्यांचे शेड झाले! तेव्हा 'दोनशे वर्षं जुना' एवढ्यावर हुरळून जाऊ नका. सुरुवातीच्या काळातला, दुर्मीळ रकमेचा, पट्टी-तिकीट शाबूत असलेला अख्खा दस्त असेल तर गोष्ट वेगळी. अमेरिकन वसाहतींसाठी १७६५ मध्ये काढलेले शिक्के तर फारच दुर्मीळ, कारण तो कायदा १७६६ मध्ये रद्दच झाला.

काही लोक म्हणतील, अख्खा दस्त अल्बममध्ये मावणार कसा? मान्य. मग फोटो अल्बममध्ये लावा आणि दस्त सपाट ठेवा. आधीच कापलेले शिक्के खुशाल जमवा. पण नवीन कापू नका. किंमत पडते म्हणून नाही. एका घराचा, एका व्यवहाराचा तेवढाच पुरावा उरलेला असू शकतो म्हणून.

माझा निळा चौकोन आता दस्ताबरोबरच ठेवलाय, एका पाकिटात. परत चिकटवायचा मोह झाला होता. नाही चिकटवला. एक चोरी पुरे.